लाडवांच्या डब्यातला फोन

गोव्यात नऊ दिवस राहून समुद्रात पाऊल न बुडवता परत आलेली बाई म्हणून सध्या कोल्हापुरात माझी चेष्टा चाललीय. शेजारच्या शोभानं तर तोंडावर विचारलं, "मग गेलीस कशाला गं, मीठ आणायला?" तिला काय सांगणार, कप्पाळ! काजू आणले, कोकमं आणली, आणि वर एक धसका आणला तो अजून उतरलेला नाही. तो सांगण्यासाठीच लिहायला बसलेय. गोवा म्हणजे किनारा आणि सूर्यास्त एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी पेडण्यापासून डिचोलीपर्यंत माझ्याबरोबर चलावं. वाट तासाभराचीच आहे.

आधी मी कोण ते सांगते. सव्वीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर होते. निवृत्त झाले तरी गप्प बसवेना, म्हणून समुपदेशन शिकले. गेली दोन वर्षं दर मंगळवारी मी लॅपटॉपसमोर बसते आणि पलीकडे युद्ध चाललेल्या एका देशातली पाच-सहा माणसं बसतात. आमचं बोलणं इंग्रजीतून. ही माणसं लढत नाहीत. गावोगाव जाऊन जबान्या लिहून घेतात: कुणाला उचलून नेलं, कुणाचं घर पाडलं, कुणी पाहिलं. मानवी हक्कांचं काम. दुसऱ्यांची दुःखं दिवसभर लिहायची आणि स्वतःचं विचारलं की "मी ठीक आहे" म्हणायचं, ही सगळ्यांची एकच खोड. "ठीक आहे" म्हटल्यावरही समोरून उठायचं नाही, एवढंच माझं काम.

त्यातली लीना माझी सगळ्यात अवघड बाई. नाव बदललंय आणि देशाचं नाव लिहिणार नाही. तसं तिला वचन दिलंय. आधी तीही जबान्या घ्यायची, आता त्यांच्या कचेरीत नकाशा सांभाळते. कुठलीही गाडी जबानी घ्यायला निघाली की आधी तिला फोन. कुठला रस्ता मोकळा, कुठे सुरुंग पेरलेत, कुठला पूल पडलाय, सगळं तिच्या डोक्यात. ती "जा" म्हणाली तरच चाक हलतं. अशा बाईला झोप कशी लागणार? सात महिन्यांत तिला सलग तीन तासांहून जास्त झोप म्हणून मिळालेली नव्हती. शेवटी संस्थेनं नकाशा दुसऱ्याच्या हाती दिला आणि तिला सक्तीनं रजेवर धाडलं. मला विचारलं, "गोवा तुमच्या जवळच ना? दहा दिवस सोबत राहाल?" मी काय, एका पायावर तयारच होते.

पेडणे

मोपाच्या विमानतळावरून ती एक पाठपिशवी घेऊन बाहेर आली. पडद्यावर दिसायची त्याहून उंच आणि त्याहून वाळलेली. मिठी मारली आणि पहिला प्रश्न काय, तर "घराला तळघर आहे?" म्हटलं, "अगं बाई, विहीर आहे. तळघर नाही." ती हसली नाही. नुसती मान हलवून मनात काहीतरी टिपून घेतलं.

तालुक्याच्या किनारपट्टीवर मी शाबूभाऊंच्या घराच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. निघण्याआधी सगळी चौकशी केली होती, डास किती, पाणी कसलं, कुत्री भुंकतात का. पहिल्याच संध्याकाळी लीनानं आपणहून फोन माझ्या हातात दिला. "सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. मधे मागितला तरी देऊ नकोस. मी रडले तरी देऊ नकोस." मी तो रुमालात गुंडाळून डिंकाच्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. लाडू मी घरून नेले होते. बाळंतिणीला आणि खचलेल्याला डिंकच लागतो, असं माझं मत आहे.

सकाळी पोदेर आला. पोदेर म्हणजे सायकलवर टोपली बांधून पाव विकणारा. रबरी भोंगा पों पों वाजवत वाड्यातून, म्हणजे वस्तीतून, फिरतो, आणि बायका परकर सावरत दारात येतात. मी कौतुकानं खिडकीशी गेले आणि मागे वळून बघते तर लीना गायब! अंथरूणही गायब. बाई न्हाणीघरात, उशी पोटाशी धरून, डोळे टक्क उघडे. तिच्या देशात दोन भिंतींचा नियम आहे. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की आपल्यात आणि बाहेरच्यात दोन भिंती पाहिजेत; एक भिंत स्फोट खाते, दुसरी तुकडे अडवते. तिनं आल्याआल्याच भिंती मोजल्या होत्या आणि न्हाणीघर नक्की केलं होतं.

शाबूभाऊ बिचारे वरमले. "पोदेराक सांगतंय, भोंगो मारू नको म्हणान." दुसऱ्या दिवशी पोदेर मुकाट आला, मुकाट गेला, आणि अख्ख्या वाड्याचा पाव चुकला. शेजारणी शाबूभाऊंच्या पायरीशी भांडायला. मला हसू आवरेना, लीनाही ओठांच्या कोपऱ्यात हसली. वाटलं, लागली गाडी रुळावर.

कसली रुळावर! त्याच दिवशी दुकानात साबण घ्यायला गेलो. मागे एक जोडपं आपसांत बोलत होतं, गोरी माणसं, खांद्यावर टॉवेल. लीनाचा हात माझ्या दंडावर आवळला. जे सैन्य तिच्या गावांवर चालून आलं, त्याच देशाची ती भाषा. या किनाऱ्यावर हिवाळाभर ती माणसं येऊन राहतात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला ठाऊक होतं. डासांची चौकशी केली आणि ही एक केली नाही! त्यांची तीन-चार वर्षांची मुलगी लीनापाशी आली आणि तिच्या तळहातावर एक शिंपला ठेवला. लीना वाकली, त्याच भाषेत "किती सुंदर गं" म्हणाली, शिंपला खिशात टाकला, आणि दुकानामागच्या माडाला धरून ओकली.

"लेकराचा काय दोष?" तोंड पुसत ती म्हणाली. "पण माझ्या पोटाला ते कळत नाही."

रात्रीपुरतं थांबून सकाळी सामान उचललं. समुद्र राहिला तो राहिलाच.

आमोणे

माझ्या वॉर्डातल्या एका मालवणच्या सिस्टरची नणंद डिचोली तालुक्यात आमोण्याला दिलेली. तिला फोन लावला, "सुलभावहिनी, एक अडचण आहे." ती म्हणाली, "अडचण घेऊनच ये." संपलं!

आमोणे मांडवीच्या काठावर आहे, पण ही मांडवी पर्यटकांची नव्हे. इथे धक्क्यावर लोहखनिज उतरायचं आणि बार्जमधून जायचं. बरीच वर्षं धंदा बंद होता, आता कुठे तुरळक सुरू झालाय, तरी रस्त्याकडेच्या झाडांच्या खोडांवर लाल रंग बसलाय तो बसलाच. त्या रस्त्याच्या खाली मात्र हिरवंगार. आम्ही गेलो तेव्हा वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, लावणी चालली होती. आमच्याकडे जानेवारीत उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात, आणि इथे बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या. मला दोन मिनिटं महिनाच कळेना.

वहिनींचे यजमान दत्ताराम, साठीचे, अंगानं सडसडीत. त्यांचे वडील सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. दत्तारामांनी सुर्ल्याच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत बावीस वर्षं ट्रक चालवला. तो ट्रक अजून अंगणात उभा होता, चाकं जमिनीत रुतलेली, बॉनेटवर मिरच्या वाळत घातलेल्या.

वहिनींनी लीनाकडे एकदा नीट पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तिका खोली खंयची व्हयी, तीच बघांदे." लीना घरभर फिरली. ओसरी नाही, पडवी नाही, माडीवर तर चढलीच नाही. शेवटी मधल्या अंधाऱ्या खोलीत थांबली, जिला एकही बाहेरची भिंत नव्हती. भाताची कणगी, दोन पेट्या, छपरात एक काच. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर वहिनी हातात चटई घेऊन उभ्या.

"बाळंतिणीची खोली ती. माझी दोनय बाळंतपणा हयच झाली. घाल हातरूण."

ना कशाला, ना का. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी दाखल होणाऱ्याला पहिल्या तासात चाळीस प्रश्न विचारले असतील.

दहा वाजता पेज आली. आमच्याकडे पेज म्हणजे आजाऱ्याचं खाणं. कुणी धडधाकट माणूस पेज पिताना दिसला तर आम्ही डॉक्टरचा नंबर देऊ. इथे शेतातून आलेली माणसं उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या मासळीची किसमूर दोन-दोन वाडगे ओढत होती. मी लीनाला म्हटलं, नको असेल तर पाव आहे. तिनं वाडगा संपवला आणि पुढे केला. तिची आजी असंच काहीतरी करायची म्हणे, फक्त भाताच्या जागी दुसरं धान्य. मला काय आनंद झाला सांगू!

डबा गुरगुरला

त्याच दिवशी, म्हणजे गोव्यातल्या चौथ्या, पेज झाल्यावर लीना दत्तारामांबरोबर तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायला चिखलात उतरली. दोनदा बसली, एकदा पालथी पडली. शेतातल्या बायांची हसून हसून पुरेवाट झाली. जेवली चापून. आणि दुपारी दीडच्या सुमाराला बाळंतिणीच्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपली. मी दारात बसले. दोन वाजले, सव्वादोन. श्वास लांब, हात सैल सुटलेले. तिच्या बोटांना मी पहिल्यांदाच मुठीबाहेर बघत होते.

अडीचला डबा गुरगुरला. मी धावत जाऊन उघडला. आंद्रेचा फोन. आंद्रे म्हणजे लीनाचा सर्वांत जुना सहकारी, मंगळवारी पडद्यावर मागच्या रांगेत बसून आमच्या बोलण्यावर कोट्या करणारा. वाजून वाजून थांबला. परत वाजला. मी डबा छातीशी धरून खोलीच्या दारापर्यंत गेले. तिनं कूस बदलली. मी परत फिरले. नकाशा आता दुसऱ्याकडे आहे ना? मग त्यालाच विचारतील की! आणि तिनंच सांगितलं होतं, मधे मागितला तरी देऊ नको. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोन रुमालात गुंडाळून लाडवांखाली ढकलला आणि वर झाकण दाबून बसवलं. मनात म्हणत होते, जग बुडालं तरी आज ही बाई झोपणार.

ती साडेपाचला उठली. चार तास! गालावर चटईची नक्षी उमटलेली. मी लाडू आणि चहा पुढे ठेवला आणि शेवटी फोन दिला, पदक द्यावं तशी हसत.

तिनं पाहिलं. फोन लावला. परत लावला. मग कचेरीत लावला. पलीकडचं बोलणं मला कळत नव्हतं, पण तिचा चेहरा कळत होता. मग तिनं सांगितलं. एका गावात एक म्हातारी साक्षीदार अडकली होती. तिला आणायला आंद्रे एकटा निघाला होता. नकाशा सांभाळणारा नवा मुलगा. आंद्रेचा भरवसा फक्त लीनावर. म्हणून तीनदा फोन केला. कुणी उचलला नाही, आणि तो गेला. त्यानंतर गाडीचा पत्ता नाही.

"तू ऐकलास फोन?"

खोटं बोलता आलं असतं. "ऐकला," म्हटलं. "तू झोपली होतीस."

"मी झोपते तेव्हाच माणसं मरतात, विजया." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तुला फोन दिला होता. आंद्रे नव्हता दिला."

मला राग आला, खरं सांगते. नियम तुझा, सात महिने झोप नाही तुझी, आणि बोल मला? बोलूनही गेले तसं. आणि बोलताबोलताच कळलं की तो राग नव्हता, भीती होती. तिच्यासाठी ठरवणाऱ्यांची तिच्या देशात काही कमी नव्हती. त्यात मी एकीची भर घातली होती.

ट्रकातला चहा

पाचवा आणि सहावा दिवस कसा गेला ते नीट आठवत नाही. आठवते ती पायरी. लीना फोन दोन्ही हातांत धरून घराच्या पायरीवर बसून राहिली, अंघोळ नाही, जेवण नाही. डब्यात आता नुसते लाडू. कचेरीतून दर दोन तासांनी निरोप यायचा: काही कळलेलं नाही. मी तिच्याजवळ जाऊन, श्वास मोजूया, पाय जमिनीला टेकव, पाच वस्तूंची नावं सांग, असलं माझं सगळं गाठोडं सोडलं. तिनं एकदाच मान वर केली. "तू जा," म्हणाली. तिच्या तोंडचा "जा" हा शब्द मला असा मिळाला.

मी परसात जाऊन हमसून रडले. वहिनी मासे साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "रड वायच. मगे तोंड धू."

"वहिनी, माझ्यामुळे झालं हो. त्या आंद्रेला काही झालं तर ही बाई पुन्हा झोपायची नाही. जन्मात नाही. आणि झोपली नाही तर तीही जाईल."

त्या म्हणाल्या, "तो ट्रक बघलंस मां? खाण बंद झाली तेवा ह्यो माणूस आठ म्हयने तेच्यात जावन बसलो. रोज आंघोळ करून, शर्ट घालून. बोलणा बंद. लोक म्हणत, तेका उतरय, डॉक्टराक दाखय."

"मग? दाखवलंत?"

"दाखयलंय मां, दोनदा. पण 'उतर' म्हणाक नाय. सकाळी च्या घेऊन गेलंय, बाजूच्या सीटीर बसलंय, कप रिकामो झालो की परत इलंय. एक दिवस तेणाच म्हटल्यान, तरवो काढूक माणसा गावतत काय बघूया. आणि उतरलो."

मासे धुऊन झाल्यावर त्यांनी कोरा चहा केला, लीनाच्या बाजूला पायरीवर ठेवला आणि तिथेच बसून खोबरं खवायला घेतलं. बोलल्या नाहीत, बघितलंही नाही. चहा निवला. दुसरा ठेवला. तिसरा लीनानं प्यायला. मीही मग हिय्या करून दुसऱ्या बाजूला बसले आणि लसूण सोलायला लागले. इतका लसूण त्या घराला महिनाभर पुरला असेल.

गाऱ्हाणं

सातव्या दिवशी दुपार कलल्यावर दत्ताराम शेतातून आले आणि माझ्यापाशी थांबले. एरवी माझ्याशी फारसं बोलत नसत.

"ताई, त्या चेडवाचा गाऱ्हाणा घालूया काय?"

चेडू म्हणजे मुलगी, ते कळलं; गाऱ्हाणं म्हणजे मात्र आमच्याकडे तक्रार. इथे तो रिवाज आहे. शेताच्या बांधावर राखणदाराची, म्हणजे शेत-गाव राखणाऱ्या देवाची, जागा असते, एक दगड, वर झाड. घरचा कर्ता माणूस नारळ ठेवून देवाला मोठ्यानं सांगतो, कुणाचं काय अडलंय ते, नाव-गावासकट, आणि जमलेले सगळे दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरतात. खाणी चालू होत्या तेव्हा मोसमाच्या पहिल्या फेरीआधी इथले ड्रायव्हर गाऱ्हाणं घातल्याशिवाय ट्रक काढत नसत. मी देवाधर्माची फारशी नाही. शिवाय लीनाला हे थोतांड वाटलं तर? तरी सांगितलं तिला.

तिनं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "काय काय सांगावं लागतं?"

"नाव. गाव. काय झालं ते."

"म्हणजे माझाच फॉर्म," ती म्हणाली. दोन दिवसांनी तिचा आवाज नीट ऐकला. "हेच तीन रकाने. मी हजार माणसांना विचारलेत." आणि उठली.

आम्ही सहा जण होतो. शेजारची दोघं शेतातूनच आली होती, पाय चिखलाचे. दत्तारामांनी नारळ ठेवला, तांब्यातलं पाणी सोडलं, आणि एरवी पुटपुटणाऱ्या त्या माणसाचा आवाज एकदम बांधभर झाला.

"बा देवा, राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या परमुलखातला चेडू तुझ्या पायाकडे उभा ऱ्हवला हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग ते माझ्याकडे वळले, विचार म्हणून. मी विचारलं. लीनानं सांगायला सुरुवात केली: आंद्रे, अमुक गावचा, अमुक वाजता निघाला, गाडीचा रंग हा, शेवटचं दिसलं इथे. एका दमात, रिपोर्ट वाचावा तसं. मी मराठी करत गेले. दत्तारामांनी हात वर केला.

"तो थय आसा. तेचा सांगूक तू आसंस. तुझा कोण सांगतलो? तिका सांग ताई, जो हय उभो आसा तेचाच गाऱ्हाणा पयला."

मी सांगितलं. लीना म्हणाली, "माझं काही नाही. मी ठीक आहे." सवयीनं म्हणाली ती. मी मंगळवारसारखीच समोरून हलले नाही. दत्तारामही थांबले, शेतकरी थांबतो तसे, घाई नसल्यासारखे. पाण्यात एक बगळा उतरला. आणि लीनानं आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. मला नाव-गावापलीकडे एक अक्षर कळलं नाही. आपलं नाव तिनं सांगितलं, तिचं खरं नाव, आणि गावाचं. पुढे आवाज फुटला, घोगरा झाला, चढला. ती श्वास घ्यायला थांबताच दत्तारामांनी इतरांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

ती दचकली. पुढे बोलली. पुन्हा थांबली. "व्हय म्हाराजा!" काय सांगितलं ते कुणालाच कळत नव्हतं, आणि सगळे होय म्हणत होते. वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही ओरडत होते, घसा बसेपर्यंत. मला आजवर वाटायचं, समजून घेतल्याशिवाय होकार भरणं म्हणजे ढोंग. त्या बांधावर तसं वाटलं नाही.

शेवटी दत्तारामांनी आंद्रेचंही गाऱ्हाणं घातलं. त्याच्या गाडीचा रंगसुद्धा देवाला सांगितला.

आठवा दिवस

सकाळी पेजेच्या वेळेला फोन वाजला. आमच्या तिघींच्या हातातले वाडगे तिथेच थांबले.

आंद्रेचा आवाज होता, रेकॉर्ड करून पाठवलेला. लीनानं तो ऐकला आणि पायरीवरून अंगणातच मटकन बसली. मी मनात म्हटलं, संपलं. मग ती हसतेय की रडतेय तेच कळेना. पुन्हा लावला, आणि या वेळी थांबवून थांबवून मला सांगत गेली.

तो जिवंत होता. रस्ता फुटला म्हणून गाडी सोडून म्हाताऱ्या बाईसह तीन दिवस एका तळघरात होता, नेटवर्क नाही, मनगट मोडलेलं. म्हातारीनं बकरीशिवाय यायला नकार दिला, म्हणून बकरीही आणली. आणि शेवटी तो म्हणत होता, "तुला तीनदा फोन केला. चौथ्यांदा करणार होतो. मग म्हटलं, पहिल्यांदाच उचलत नाहीये, म्हणजे झोपली असेल. झोपू दे तिला. आणि निघालो."

लीनानं फोन बंद केला. "मी उचलला असता तर जाऊ नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "मग ती म्हातारी तिथेच राहिली असती. मला आता काहीच कळत नाही, विजया."

"मलाही नाही," मी म्हटलं. "पण मी तुला उठवायला हवं होतं. ठरवायचं ते तू. माझं चुकलं."

"हो. चुकलं," ती म्हणाली. आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच, उघड्या अंगणात, एकही भिंत मधे नसताना झोपली. अर्धा तास माझा पाय बधिर, पण हलले असेन तर शपथ. वहिनींनी ऊन येऊ नये म्हणून छत्री आणून धरली.

निघताना दत्तारामांनी तिला नारळाची एक वाटी दिली, वहिनींनी किसमूर बांधून दिली, जी विमानतळावर बहुतेक काढून घेतली असणार. शिंपला तिच्या खिशातच होता. तिनं तो राखणदाराच्या दगडापाशी ठेवला आणि माझ्याकडे न बघता पुढे चालू लागली.

कोल्हापूर

परत येऊन दोन महिने होतील. लीना पुन्हा नकाशावर बसते. आठवड्यातून एकदा स्वतःही गावांत जाते, कारण जायला पुरेशी माणसं आता उरलेली नाहीत. सगळ्यांना "जा" म्हणणाऱ्या बाईला "जा" कोण म्हणणार, हा प्रश्न होता, तर तिनंच तो सोडवला. निघण्याआधी ती मला आवाज रेकॉर्ड करून पाठवते, स्वतःच्या भाषेत, मिनिट-दोन मिनिटांचा. मला कळत नाही. कळावा म्हणून पाठवतच नाही ती. मी उत्तर पाठवते, आणि दोन-तीन तासांत पोचल्याचा तिचा निरोप येतो. फोन आता डब्यात नसतो. अंघोळीला जाताना शेजारच्या शोभाकडे देऊन जाते, आणि तिलाही उत्तर शिकवून ठेवलंय.

आज सकाळी मी कांदा चिरत असताना तो आला. नेहमीपेक्षा लांब होता, तीन मिनिटं, आणि मधे एकदा ती थांबली, त्या दिवशी बांधावर थांबली होती तशी. मी ओल्या हातानंच बटण दाबलं आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आता दुपारचे चार वाजलेत. पोचल्याचा निरोप अजून आलेला नाही.